देखणा काळा, की तेरा वर्षांची घोडी?

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची आहे. पाच वर्षं घोडेस्वारी शिकते आहे, पण नेहमी शाळेच्याच घोड्यांवर. गेली तीन वर्षं पहाटे तबेल्यात काम केलं, संध्याकाळी शिकवण्या घेतल्या आणि आता घोडा घेण्याइतके पैसे साठलेत. दोन पाहून ठेवलेत. एक चार वर्षांचा, काळाभोर, कपाळावर चांदणी, चाल अशी की बघत राहावं. दुसरी तेरा वर्षांची कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी, पोट थोडं सुटलेलं, एकदम शांत. किंमत जवळपास सारखीच. घरचे म्हणतात, म्हातारी कशाला घेतेस? माझंही मन काळ्याकडेच ओढतंय. काय करू?

उत्तर : तीन वर्षं पहाटे उठून पैसे साठवलेस, त्याबद्दल आधी तुझी पाठ थोपटते. या वयात एवढी चिकाटी मी फार थोड्यांत पाहिली आहे.

तेरा वर्षांची घोडी म्हातारी नसते, हे घरच्यांना सांग. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. चार वर्षांच्या घोड्याचे तर पुढचे दातसुद्धा सगळे बदललेले नसतात, ते पाचव्या वर्षी पुरे होतात. त्याला अजून शिकायचं आहे आणि तुलाही. दोघांपैकी एकाला तरी यायला हवं ना? शाळेच्या घोड्यावर आपण चूक केली तरी तो सावरून घेतो. कोवळा घोडा आपली चूक शिकून ठेवतो. लगाम घाबरून खेचलास की तो घाबरायला शिकतो.

हे मी अनुभवावरून सांगते. माझा पहिला घोडा मी तुझ्याच वयात घेतला. दुपारी पाहायला गेले तेव्हा तो खोगीर घालून तयार उभा होता, अगदी गरीब गाईसारखा. खोगिराच्या कडेला आणि छातीवर पांढऱ्या रेघा दिसल्या, मीठ वाळल्यासारख्या. तो वाळलेला घाम होता. मी तो पाहिला, पण विचारलं नाही. सकाळभर पळवून त्याला दमवून ठेवलं होतं, हे नंतर कळलं. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी, चांगला खाऊन-पिऊन ताजातवाना झालेला तोच घोडा मी रिकिबीत पाय ठेवताच मागच्या दोन पायांवर उभा राहिला. माझं मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण त्या घोड्याला मला परत द्यावं लागलं, ते अजून सलतं. त्याला नीट शिकवलेलं नव्हतं आणि शिकवण्याइतकी मी तयार नव्हते.

म्हणून घोडी पाहायला जाशील तेव्हा आधीच सांगून ठेव की तिला खोगीर घालू नका, मोकळीच ठेवा. तिला तुझ्यासमोर पकडू देत. लगाम तोंडात घेताना मान वर ताणते का, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे पाडून चावायला येते का, ते बघ. पहिल्यांदा मालकाला किंवा त्याच्या माणसाला तिच्यावर बसायला सांग. तो बसायला तयार नसेल तर तूही बसू नकोस. मग निदान तीन वेळा जा, वेगवेगळ्या वेळी. एकदा तिला इतर घोड्यांपासून एकटीला दूर ने. तबेल्यात शांत असलेले कितीतरी घोडे सोबत सुटली की जागेवर ठरत नाहीत.

तिच्या पुढच्या पायाशी बस आणि गुडघ्याखाली मागच्या बाजूने हात हळूहळू खाली ने. ताणलेल्या दोरीसारखी कडक शीर लागेल. मग दुसऱ्या पायावर तसाच हात फिरव. एक पाय जास्त गरम किंवा जाडसर लागला तर थांब. नंतर कुणाला तरी तिला कडक, सपाट जमिनीवर दोर सैल सोडून दुडक्या चालीने पळवायला सांग आणि तू तिची मान बघ. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली सोडतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की कायम दिसतं.

एवढं करूनही पशुवैद्याकडून तपासणी करून घेच आणि तो डॉक्टर तू निवड, विकणाऱ्याचा नको. रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांग. वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध देऊन घोडा दाखवलेला असेल तर पुढे त्यातून कळू शकतं.

आता पैशाचं. साठवलेली सगळी रक्कम किमतीत घालू नकोस, हे मी हात जोडून सांगते. साधारण ४५० किलोच्या घोड्याला रोज आठ-नऊ किलो कोरडा चारा लागतो, पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, शिवाय धनुर्वाताची लस, दातांची तपासणी, जंताचं औषध. आणि एखाद्या रात्री पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं वर येऊन सुटका होत नाही, डॉक्टरला तेव्हाच्या तेव्हा बोलवावं लागतं. त्या रात्रीचे पैसे वेगळे काढलेले हवेत, त्यांना एरवी हात लावायचा नाही.

माझं ऐकशील तर आजपासून तीन महिने घोडा घरी आहे असं धरून चाल. महिन्याचा खर्च मांड आणि ती रक्कम खरंच बाजूला टाक. परीक्षा असो, ताप असो, पाऊस असो, सकाळ-संध्याकाळ त्याच वेळेला तबेल्यात जा. जमलं तर घोडी घे, तोवर रक्कमही वाढेल. ओढाताण झाली तर निम्मा खर्च उचलून कुणाचा तरी घोडा आठवड्यातले तीन दिवस सांभाळायला घे. बरेच मालक याला राजी असतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

तोवर ही घोडी विकली गेली तर हळहळ वाटेल, पण अशा शांत, मधल्या वयाच्या घोड्या पुन्हा मिळतात. आणि राहिलीच, तर शेवटच्या खेपेला तिच्यावर बसूच नकोस. खरारा घेऊन अर्धा तास तिच्याजवळ थांब, चारही खूर उचलून साफ कर. तिनं मागचे पाय कसे दिले, तेवढं मला कळव.