पहिली टोपी तुझी

नागपूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय मुली,

काल गच्चीवर दूध पिता पिता तू विचारलंस, "काकू, दोन्ही पोट्ट्यांच्या टोप्या डिसेंबरपर्यंत होतील का?" होतील. पण पहिली टोपी त्यांची नको, तुझी विण. तुझं डोकं आता वाढणार नाही, माप घ्यायला कधीही हजर असतं आणि टोपी चढवताना भोकाड पसरत नाही. ज्या काही चुका व्हायच्या त्या आधी आपल्या डोक्यावर होऊ दे.

मी उलटं केलं होतं. माझा मोठा तीन वर्षांचा असताना थेट त्याचीच टोपी विणायला घेतली. बॉर्डर छान, दोन सुलट दोन उलट, रबरासारखी ताणायची. पण सुरुवातीचे टाके मी दातओठ खाऊन घातलेले. त्यामुळे वरचं सगळं सैल आणि खालची कड सुतळीसारखी. पाचच मिनिटांत त्याच्या कपाळावर लाल वळ उठला. ती टोपी शेवटी लोणच्याच्या बरणीवर गेली. तेव्हापासून मी टाके घालताना दोन सुया एकत्र धरते आणि सगळे टाके झाले की एक काढून घेते. कड आपोआप सैल राहते.

आता माप. टेप भुवयांच्या जरा वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून फिरव. समज, तुझं डोकं ५५ सेंटिमीटर भरलं. टोपी ५५ची विणलीस तर स्कुटीवर व्हरायटी चौकापर्यंतच तुझी राहील, पुढे वाऱ्याची. चारपाच सेंटिमीटर कमीच धरायची, विणकाम ताणलं जातं. म्हणजे ५०.

टाके किती, हे मात्र पुस्तकाला विचारू नकोस, तुझ्या हाताला विचार. तीस टाके घालून तळहाताएवढा चौकोन विण आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती बसतात ते मोज. याचा सगळ्यांना कंटाळा. मलाही होता, ती बरणी साक्षीला आहे. तुझे २२ भरले तर ५० सेंटिमीटरला ११०. त्याऐवजी ११२ घे, कारण ११२ला आठाने भाग जातो आणि वरची घट करताना, म्हणजे टाके कमी करत नेताना, ते उपयोगी पडतं. शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका जास्त, म्हणजे ११४.

बॉर्डर झाली की साधी वीण, एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक उलट. कडेपासून १५ सेंटिमीटर झाले (बॉर्डर दुमडायची असेल तर २०) की घट सुरू. कडेचे टाके सोडून बारा सुलट, मग दोन एकत्र, असं आठ वेळा. पुढची सुई नुसती उलट. त्यानंतर अकरा आणि दोन एकत्र, मग दहा. शेवटी मोजके टाके उरतील, त्यांतून लोकर ओवून आवळायची आणि त्याच धाग्याने मागची शिवण घालायची. इथे येईपर्यंत तुला माझी गरज उरणार नाही.

सुया १० नंबरच्या बॉर्डरला, ८च्या वरच्या भागाला. आपल्याकडे नंबर मोठा तेवढी सुई बारीक, हे ध्यानात ठेव. यूट्यूबवाल्या मिलिमीटर सांगतात. ८ नंबर म्हणजे ४, १० म्हणजे सव्वातीन.

त्या व्हिडिओंतल्या जाडजूड, दुहेरी टोप्यांच्या नादी लागू नकोस. बर्फातल्या टोप्या आहेत त्या. आपल्या नागपूरची थंडी पहाटेची. २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५वर उतरला होता, हे खरं. पण एरवी सकाळी सातला ऑटोत कुडकुडणारं पोट्टं अकराला स्वेटर कमरेला बांधून फिरतं. टोपी दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात मावली पाहिजे. चारपदरी लोकर पुरे, मोठ्या टोपीला शंभर ग्रॅम घेतलीस तर थोडी उरेलच. सगळे गुंडे एकाच लॉटचे घे. दुकानात सारखे दिसणारे दोन गुलाबी उन्हात वेगळे निघतात. आणि घेताना लोकर गालाला लावून बघ. बोटांना टोचत नाही ते कपाळाला टोचतं.

चार वर्षांच्या थोरल्याची टोपी तू आता सहज काढशील. त्याची बॉर्डर लांब ठेव, दुमडून घालू दे. दोनतीन वर्षांनंतर डोकं फार सावकाश वाढतं, दुमड उलगडत गेलीस तर टोपी दोनतीन हिवाळे जाईल. धाकटीचं तसं नाही. पहिल्या वर्षात डोकं दहाबारा सेंटिमीटर वाढतं, तेव्हा तिची सगळ्यात शेवटी घे, आणि विणायच्या दिवशीच माप घे. आत्ता घेतलेलं माप नाताळात चालायचं नाही.

तिच्या टोपीला हनुवटीखाली बांधायच्या नाड्या लावू नकोस, मणी-बटणही नको. गळ्याला काही गुंडाळलं जायला नको, तोंडात काही जायला नको. त्यापेक्षा कानावर येतील असे दोन पाळे विण. घरात झोपवताना टोपी काढायचीच, आजी कितीही रागावू देत. तान्ह्या बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटेच बाहेर जाते, झाकून ठेवलं तर ते तापतं.

रविवारी चौकोन घेऊन ये. टाके मोजताना मी बोलणार नाही, माझी बडबड ऐकून तू नक्की चुकशील.

तुझी,
काकू

ता. क. राखाडी लोकर आणू नकोस. रात्री ट्यूबलाइटखाली गळालेला टाका दिसत नाही त्यात, मला तर दिवसाही दिसत नाही.