मिसो शेवटी, फोडणी नाहीच: नारळाच्या जपानी धाटणीच्या सॉसविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : एका कॅफेत नूडल्सवर पांढरट, खारट-गोड असा नारळाचा सॉस खाल्ला. ‘मिसो घातलाय’ एवढंच वाढणाऱ्याने सांगितलं. घरी कसा करायचा? (माहीम)

मिसो म्हणजे सोयाबीन, मीठ आणि कोजी नावाची बुरशी धरलेला तांदूळ किंवा सातू आंबवून केलेला लगदा. या सॉसला पांढरा मिसो घ्या. तो कमी दिवस मुरलेला आणि गोडसर असतो. लाल मिसो नारळाला पार झाकून टाकतो.

चौघांसाठी नारळाचा जाड रस एक वाटी, दाशी अर्धी वाटी (म्हणजे जपानी स्वयंपाकातलं पातळ, चवदार पाणी; तिच्याबद्दल पुढे सांगते), पांढरा मिसो एक मोठा चमचा, सोया सॉस एक छोटा चमचा, साखर अर्धा चमचा, थोडा आल्याचा रस, पांढरे तीळ दोन चमचे आणि आरारूट एक छोटा चमचा. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा आणि खलबत्त्यात तेल सुटेस्तोवर कुटा. एवढेसे तीळ मिक्सरमध्ये नुसते भांड्याच्या कडेला जाऊन बसतात. दाशी, सोया सॉस, साखर आणि आल्याचा रस दोन मिनिटं उकळा. पाण्यात कालवलेलं आरारूट घालून जरा दाट करा. मग गॅस अगदी बारीक करून जाड रस ओता. कडेने बुडबुडे दिसले की बंद. पळीभर सॉसमध्ये मिसो आणि तीळ नीट विरघळवून परत पातेल्यात मिसळा. मिसो उकळला की त्याचा वास उडतो, म्हणून तो शेवटी. लिंबू ताटात पिळायचं. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, बहुतेक वेळा लागतच नाही.

आणि कृपा करून फोडणी नको. लसूण नको, हळद तर नकोच. नारळ दिसला की आपला हात कढीपत्त्याकडे जातो. तो आवरला तरच हा सॉस जपानी वळणाचा होतो, नाहीतर चांगली आमटी होते.

प्रश्न : माझा रस दर वेळी फुटतो, वर तेल आणि खाली पाणी. डब्यातलं तयार दूध मात्र फुटत नाही. असं का? (बोरिवली)

नारळाचा रस म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब. त्यांच्याभोवती प्रथिनांचं पातळ आवरण असतं. तापमान साधारण 80 अंशांच्या आसपास गेलं की ही प्रथिनं गोठू लागतात, आवरण तुटतं आणि तेल वेगळं होतं. आंबटानेही तेच होतं. तिवळ किंवा माशाचं कालवण करताना घरातल्या बायका जाड रस शेवटी घालतात आणि पळी हलवत राहतात, त्यामागे हेच आहे. सोलकढी तर कुणी उकळतच नाही.

तयार दुधात बहुधा ग्वार गमसारखा घट्टपणा देणारा पदार्थ असतो, त्यामुळे ते आच सोसतं. घरच्या रसाला तोच आधार आरारूट देतं. म्हणून ते रसाच्या आधी घालायचं, नंतर नाही. फुटलाच तर खाली उतरवून चमचाभर कोमट पाणी घाला आणि मिक्सरमधून एकदा फिरवा, बराचसा जुळून येतो. थायलंडमध्ये काही करींसाठी नारळाची साय मुद्दाम तेल सुटेपर्यंत आटवतात, पण तो वेगळा कारभार.

प्रश्न : सासरे म्हणतात, जपानात नारळ कुठला? ही सगळी कॅफेवाल्यांची थापेबाजी! (गिरगाव)

सासऱ्यांचं बरोबर आहे. जपानच्या मुख्य बेटांवर थंडीमुळे नारळाच्या बागा होत नाहीत आणि जुन्या जपानी स्वयंपाकात नारळ नाही. म्हणून मी ‘जपानी धाटणीचा’ म्हणते. पण ही ये-जा दोन्ही बाजूंनी झालेली आहे. 1915 मध्ये जपानला निसटलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना टोकियोतल्या शिंजुकू भागात नाकामुराया नावाच्या बेकरीच्या मालकांनी आसरा दिला. पुढे ते त्या घरचे जावई झाले आणि 1927 मध्ये तिथल्या उपाहारगृहात भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. हे सासऱ्यांना जरूर सांगा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. दाशी माशाची असते ना? (मुलुंड)

सगळी नाही. वाळवलेल्या, धुरी दिलेल्या माशाचे पापुद्रे घालून करतात ती माशाची. कोंबू या वाळवलेल्या समुद्री शेवाळाची दाशी पूर्ण शाकाहारी. 1908 मध्ये टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी याच कोंबूतून त्याची खास चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं.

अर्धा लिटर पाण्याला 5 ग्रॅम कोंबू पुरे. त्यावरची पांढरी भुकटी घाण समजून धुऊ नका, चव तिच्यातही आहे; कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा, सकाळी मंद तापवा आणि उकळी येण्याआधी कोंबू काढा, नाहीतर बुळबुळीत कडसरपणा उतरतो. कोंबू मिळाला नाही तर वाळलेले शिताके मशरूम भिजवलेलं पाणी वापरा. मिसोचं पाकीटही वाचा, काहींत माशाची दाशी आधीच मिसळलेली असते.

एक इशारा मात्र देते. कोंबूत आयोडीन प्रचंड असतं आणि ते पाण्यात उतरतं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोंबू वापरू नये, त्यांनी मशरूमच घ्यावेत.

मासे खाणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा. मूठभर सोडे कोरडे भाजून कोमट पाण्यात भिजवा आणि ते पाणी गाळून घ्या. हे जपानी नाही, पण नारळाशी त्याचं जितकं जमतं तितकं कोंबूचंही जमत नाही.

प्रश्न : मिरीन, म्हणजे स्वयंपाकात घालायचं तांदळाचं गोड जपानी मद्य, घरात चालणार नाही. आणि चायनीजला वापरतो तो काळा सोया सॉस चालेल? (ठाणे)

मिरीनमध्ये मद्य असतं, म्हणून वरच्या कृतीत ते नाहीच. साखर पुरते. काळा घट्ट सोया सॉस नको, बऱ्याचदा त्यात कॅरॅमलचा रंग असतो आणि सॉस मातकट दिसतो. आंबवून केलेला पातळ घ्या. त्यात गहू असतो, हे गहू न चालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

प्रश्न : हा सॉस कोणत्या माशांवर चांगला? (वर्सोवा)

रावस, सुरमई. तव्यावर नुसतं मीठ लावून परतायची आणि सॉस ताटात खाली पसरायचा. ओल्या बोंबलांवर नको, त्यांचं पाणी सुटून सगळं पचपचीत होतं.

प्रश्न : ऑफिसच्या डब्यात नेता येईल? सकाळची लोकल आणि जेवण दुपारी एकला. (डोंबिवली)

तयार सॉस नेऊ नका. मुंबईच्या उकाड्यात ओला नारळ दुपारपर्यंत आंबतो, फ्रिजमध्येसुद्धा मी दोन दिवसांपलीकडे ठेवत नाही. त्याऐवजी मिसो, कुटलेले तीळ, साखर आणि सोया सॉस एकत्र मळून छोट्या डबीत न्या. सोबत नारळाच्या दुधाच्या पावडरीची पुडी. तिच्यात कधीकधी दुधाचं प्रथिन असतं, तेव्हा वीगन असाल तर पाकीट बघा. जेवताना पावडर अर्धा कप गरम पाण्यात फेटायची, त्यात डबीतला मिसो ढवळायचा आणि भातावर किंवा उकडलेल्या भाज्यांवर ओतायचं. आरारुटाशिवाय थोडं पातळ होतं, पण भात ते पिऊन टाकतो.