ओकेचा फुल फॉर्म काय? ‘झिरो किल्ड’ची गोष्ट खरी आहे का? आणि ‘रेन चेक’ म्हणजे काय?

‘झिरो किल्ड’ आधी डोक्यातून काढा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कुणी दगावलं नाही की छावणीतल्या फळ्यावर ‘0 K’, म्हणजे ‘झिरो किल्ड’, लिहायचे, अशी ती गोष्ट. पण ते युद्ध सुरू झालं १८६१ साली, आणि ओके त्याच्या बावीस वर्षं आधीच छापून आलंय.

खरा फुल फॉर्म ‘ऑल करेक्ट’. मग ए.सी. का नाही? कारण तो मुद्दाम अशुद्ध लिहिलेला: ‘ओल कोरेक्ट’ (oll korrect). बोस्टनच्या पेपरवाल्यांना तेव्हा या प्रकाराचं खूळ लागलं होतं. ‘ऑल राइट’चंही ‘oll wright’ लिहून ‘ओ.डब्ल्यू.’ करायचे! आपल्याकडे कुणी ‘शगळं भरोबर’ लिहून त्याचं ‘श.भ.’ करावं, तितपत विनोद. २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये एका थट्टेच्या मजकुरात ओके आलं, तेही शेजारी अर्थ देऊन. हे हुडकून काढलं ॲलन वॉकर रीड या भाषा-अभ्यासकाने.

त्या खुळातले बहुतेक शब्द विरून गेले. ओके तगलं ते निवडणुकीमुळे. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’. आयतंच ओ.के. जुळलं! समर्थकांनी ‘ओके क्लब’ काढले. विरोधकांनी आवई उठवली की, आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नव्हतं, तेच कागदांवर ओके लिहायचे. व्हॅन ब्युरेन आपटले, पण या चिखलफेकीत शब्द सगळीकडे पोचला. पुढे तारवाल्यांनी तो उचलला. ‘निरोप मिळाला’ एवढं दोन अक्षरांत भागत होतं. २०२२ मध्ये गुवाहाटीहून शहाजीबापू पाटलांचं ‘ओक्के’ गाजलं, तेव्हा मला हे किंडरहूकच आठवलं. तेही राजकारणच की.

‘रेन चेक’ बेसबॉलमधला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पावसाने सामना बुडाला तर तिकिटाचा उरलेला तुकडा दाखवून पुढचा सामना बघता यायचा. त्यावरून अर्थ झाला, ‘आत्ता जमत नाही, पण आमंत्रण राखून ठेवा.’ अमेरिकेत नवा होतो तेव्हा ऑफिसातल्या एकाला पिठलं-भाकरीला बोलावलं, तर तो म्हणाला, ‘आय विल टेक अ रेन चेक.’ मी खिडकीतून बाहेर बघितलं आणि त्याला सांगितलं, ‘नाही हो, आज ऊन आहे.’