पहिली सिंगल माल्ट: ग्लेनमोरँजी ओरिजिनल की बाल्वेनी डबलवुड?

तुम्ही लिहिले आहे की आजवर तुम्ही ब्लॅक लेबल ही स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, सोडा आणि बर्फ घालून, बहुधा जेवणाआधी, घेत आलात. आता सिंगल माल्टची, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आलेल्या बार्लीपासून काढलेल्या व्हिस्कीची, पहिली बाटली घ्यायची आहे, ती हळूहळू नुसती प्यायला शिकायची इच्छा आहे, सोबत वडील बसतात आणि त्यांना धुराचा वास अजिबात चालत नाही. ग्लेनमोरँजी ओरिजिनल आणि बाल्वेनी डबलवुड १२ या दोन नावांपाशी तुम्ही अडला आहात. माझे मत विचाराल तर आधी ग्लेनमोरँजी घ्यावी आणि बाल्वेनी तिच्या मागून घरात यावी.

वडिलांची अडचण दोन्हीकडे येणार नाही. स्कॉचमधला धूर येतो तो मोड आलेली बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, जाळावर सुकवल्यामुळे. या दोन्ही बाटल्यांत तो जाणवत नाही. ब्लॅक लेबलमध्ये जो मंद धुरकटपणा असतो तेवढासुद्धा त्यांना इथे सापडणार नाही.

वयाच्या आकड्यावरून निवड करू नका. ग्लेनमोरँजी ओरिजिनल अनेक वर्षे दहा वर्षांची म्हणून विकली जात होती; २०२४ मध्ये कंपनीने ती बारा वर्षांची केली. दुकानात जुन्या मालाची बाटली मिळाली तर लेबलवर १० दिसेल, नव्या मालावर १२. हा आकडा बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय सांगतो, त्यापलीकडे चवीबद्दल फारसे काही सांगत नाही. या दोघींमधला खरा फरक वयात नाही. एकीची चव मुख्यतः भट्टीत घडते, दुसरीची पिंपात. तुमचा निर्णय या फरकावर व्हायला हवा.

ग्लेनमोरँजीची डिस्टिलरी स्कॉटलंडच्या उत्तरेला, डॉर्नॉकच्या खाडीजवळच्या टेन या गावी आहे. विल्यम मॅथेसन यांनी १८४३ मध्ये ती सुरू केली तेव्हा जिन काढण्याची जुनी, वापरलेली भांडी विकत आणली होती, आणि त्यांची मान विलक्षण उंच होती. तोच आकार आजही राखला आहे: तांब्याच्या भांड्याची मान ५.१४ मीटर, स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच. वाफ एवढी उंच चढताना तिच्यातले जड, तेलकट घटक वाटेतच थंड होऊन पुन्हा खाली गळतात, आणि वरच्या वळणापर्यंत पोहोचतात ते हलके, फळांच्या वासाचे घटक. शिवाय वाफेचा तांब्याशी संपर्क जास्त वेळ राहतो, त्यामुळे गंधकाचा उग्रपणा बराच कमी होतो. पुढे हे मद्य अमेरिकन ओक लाकडाच्या, आधी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की भरलेल्या पिंपांत मुरते आणि त्यातून व्हॅनिला, थोडा मध, संत्र्याच्या सालीसारखा तजेला येतो. लाकडाचा हात इथे हलका आहे. म्हणूनच या पेल्यात बार्लीपासून काढलेले मद्य मुळात कसे असते ते फारसे झाकलेले नसते.

बाल्वेनीची गोष्ट वेगळी आहे. ती स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या डफटाउनची, विल्यम ग्रँट यांनी त्यांच्याच ग्लेनफिडिक या डिस्टिलरीच्या शेजारी १८९२ मध्ये उभारायला घेतलेली. तिथे आजही लागणाऱ्या बार्लीपैकी काही भाग जमिनीवर पसरून, फावड्याने उलथून मोड आणण्याची जुनी पद्धत चालू आहे, पिंपे दुरुस्त करणारे कारागीर जागेवरच काम करतात, तांब्याची भांडी जपणारा माणूसही स्वतःचा आहे. मला या गोष्टीचे मनापासून कौतुक आहे, कारण असे कष्ट आता फार थोड्या डिस्टिलऱ्या घेतात. तरी डबलवुडची ओळख ज्यामुळे झाली ते काम त्यानंतरचे. बर्बनच्या पिंपांत आणि जुन्या ओकमध्ये मुरलेली व्हिस्की शेवटचे सुमारे नऊ महिने ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनच्या मोठ्या पिंपांत ठेवायची, ही रीत डेव्हिड स्टुअर्ट यांनी घडवली. ते १९६२ मध्ये कंपनीत रुजू झाले होते आणि डबलवुड १९९३ मध्ये बाजारात आली. एका पिंपातून दुसऱ्या पिंपात नेऊन चव पूर्ण करण्याची ही पद्धत आज जगभर सर्रास वापरली जाते, तिच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत हे नाव घ्यावेच लागते. मूळ मधाळ चवीवर शेरीमुळे मनुका, भाजलेला सुकामेवा, दालचिनीची ऊब असा थर चढतो. पहिल्या घोटातच ती भरलेली, गोलसर वाटते, त्यामुळे अनेक जण सरळ हीच घ्या असे सांगतात.

तरीही मी ग्लेनमोरँजी आधी सुचवतो, ते दोन कारणांनी. पहिले तुमच्या सवयीचे आहे. पहिले काही आठवडे तुमचा हात सोड्याकडे जाणारच, आणि वडील तर सोडा सोडणार नाहीत. ग्लेनमोरँजीचा संत्र्याचा सुगंध सोड्यात टिकतो, किंबहुना आपल्याकडच्या उकाड्यात तो अधिक खुलतो. डबलवुडमध्ये सोडा ओतला की शेरीचा तो नाजूक थर पातळ होतो आणि ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच हरवते. दुसरे कारण जिभेच्या तयारीचे. शेरीच्या पिंपाने नेमके काय दिले हे ओळखायचे असेल, तर त्याशिवायची व्हिस्की आधी माहीत असावी लागते. पाढे येत नसताना गुणाकार करायला बसू नये, तसेच हे.

मात्र तुमचा बेत रात्री जेवण उरकून, निवांत, एकच पेग नुसता घेण्याचा असेल आणि वडिलांसाठी वेगळी बाटली असेल, तर माझा सल्ला उलटा धरा आणि बाल्वेनी आणा. जेवणानंतरच्या वेळेला ती फार शोभते.

नुसती पिताना एक पद्धत पाळा. खाली फुगीर आणि वर निमुळता असा पेला घ्या. रुंद तोंडाच्या ग्लासात वास उडून जातो. तीस मिली ओता, पाच-दहा मिनिटे तसेच राहू द्या, मग तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्या, म्हणजे मद्यार्क नाकाला झोंबत नाही. पहिला घोट अगदी लहान असू द्या, तो केवळ जिभेला सवय व्हावी म्हणून. चव दुसऱ्या घोटापासून कळू लागते. त्यानंतर साध्या, गार न केलेल्या पाण्याचे चमच्याने चार-सहा थेंब टाका आणि पुन्हा वास घ्या. ग्लेनमोरँजीत या क्षणी पीच आणि संत्रे पुढे येते. बर्फ यावेळी नको, थंडीने सुगंध दबतो. मसाला शेंगदाणे किंवा तिखट शेव सोबत ठेवू नका, कारण तिखटाने बधिर झालेल्या जिभेला दोन्ही बाटल्या सारख्याच लागतील. भाजलेले साधे बदाम पुरेत.

ओरिजिनलची बाटली संपवू नका. ती अर्धी असतानाच डबलवुड आणा, दोन पेल्यांत पंधरा-पंधरा मिली शेजारी ओता आणि आधी ग्लेनमोरँजी, मग बाल्वेनी, या क्रमाने घ्या. क्रम उलटा केलात तर शेरीच्या गोडव्यापुढे ग्लेनमोरँजी उगाच पाणचट वाटेल. तोवर बाटली उभी, उन्हापासून दूर, बूच घट्ट लावून ठेवा; आडवी ठेवल्यास मद्यार्काने बूच खराब होते.