प्लूटोपलीकडच्या गोळ्यांचा आकार कळतो कसा? खेड्यातून काही करता येईल का?

मोठ्या दुर्बिणीतूनही हे गोळे नुसता ठिपका दिसतात, मग त्यांचा आकार आणि त्यांच्याभोवतीची कडी कशी कळली, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आठ इंची दुर्बिणीने पिधानं (एखादा गोळा ताऱ्यासमोर येऊन त्याला झाकतो ती घटना) बघतो, त्यावरून सांगतो.

गोळ्याकडे बघायचंच नाही. तो ज्या ताऱ्यासमोरून जाणार त्या ताऱ्यावर नजर ठेवायची. तारा काही सेकंद विझतो आणि परत दिसायला लागतो. ताऱ्याचे किरण जवळपास समांतर येतात, त्यामुळे जमिनीवरून पळणारी सावली त्या गोळ्याएवढीच रुंद असते. तारा विझल्याचे सेकंद गुणिले सावलीचा वेग, की गोळ्याच्या आरपार एक रेघ मिळते. दुसऱ्या गावातून दुसरी रेघ. अशा रेघा एकाखाली एक मांडल्या की आकार उमटतो.

अ‍ॅरोकोथ हा प्लूटोपलीकडचाच एक गोळा, जेमतेम ३५ किलोमीटर लांब, आपल्यापासून साडेसहाशे कोटी किलोमीटरवर. त्याची सावली यवतमाळवरून पूर्व-पश्चिम गेली असती तर पांढरकवड्याला पत्ताही लागला नसता. १७ जुलै २०१७ ला ती अर्जेंटिनावरून जाणार होती. दुर्बिणी ओळीने मांडल्या, वारा अडवायला ट्रक उभे केले, गावातले रस्त्यावरचे दिवे बंद करवले. (आपल्याकडे हे काम लोडशेडिंग फुकटात करतं.) मोजक्याच दुर्बिणींना तारा विझलेला दिसला, पण तेवढ्यावरून दोन गोळे चिकटल्यासारखा आकार असावा असा अंदाज आला. १ जानेवारी २०१९ ला न्यू होरायझन्स यान जवळून गेलं, तेव्हा तो खरा निघाला.

कड्यांचंही तसंच. मुख्य पिधानाच्या आधी आणि नंतर तारा क्षणभर मंदावतो. युरेनसची कडी १० मार्च १९७७ ला अशीच सापडली, आणि ती लुकलुक तमिळनाडूतल्या कावलूरच्या दुर्बिणीनेही टिपली होती. शनी आणि युरेनसच्या मधे फिरणाऱ्या, अवघ्या अडीचशे किलोमीटरच्या चारिक्लोला कडी आहेत हे २०१३ च्या पिधानातून कळलं. प्लूटोमागे जाताना तारा एकदम विझत नाही, हळूहळू मावळतो. वातावरण असल्याची खूण ती.

आता तुमचं. एवढ्या दूरच्या गोळ्यांसाठी मिळणारे तारे बहुतेक वेळा फार अंधूक असतात, आठ इंचीच्या आवाक्याबाहेरचे. सुरुवात मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांपासून करा, रीत तीच आहे. कोणती सावली कुठून जाणार ते ऑकल्ट वॉचर या मोफत सॉफ्टवेअरवर कळतं. दुर्बिणीपेक्षा घड्याळाला जास्त जपा. व्हिडिओवर जीपीएसची वेळ उमटली नाही तर मेहनत पाण्यात. पावसाळ्यात नाद सोडा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. आणि शेजारच्या वावरात जागलीला बसणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. रानडुकरं हाकलायला त्यांनी बॅटरी मारली की ऐन वेळी व्हिडिओ पांढराफटक होतो.

तारा विझलाच नाही तरी नोंद पाठवा. सावली तुमच्या गावाच्या अलीकडेच संपली हे त्यावरूनच कळतं.