मालदांडी ज्वारीचं घरचं बी दुसऱ्या वर्षी का उगवत नाही?

तुम्ही लिहिलंय की घरची मालदांडी गेल्या साली झकास उगवली, पण त्याच पोत्यातलं उरलेलं बी यंदा निम्मंही आलं नाही. आणि मजूर मिळाले म्हणून त्या वेळी काढणी जरा लवकर उरकली होती. मी मंगळवेढ्याकडचा, ज्वारीतच वाढलेला, म्हणून सांगतो.

लवकर काढणी हे कारण पटण्यासारखं आहे. थोडं कच्चं बी त्याच हंगामात पेरलं तर बऱ्यापैकी उगवतं, तिथंच माणूस फसतो. दाणा वाळल्यावरही आतला कोंब जिवंत ठेवणारी प्रथिनं आणि साखर अगदी शेवटच्या दिवसांत तयार होतात. त्याआधी ताट उपटलं तर बी उगवतं, पण टिकत नाही.

पक्वता पाहायची ती कडब्याच्या रंगावरून नाही, दाण्याच्या बुडाशी. दाणा सोलून काढा. कणसाला चिकटलेल्या टोकाला काळा ठिपका दिसला की त्यात भर पडणं थांबलं. फुलोऱ्यापासून साधारण ४० ते ४५ दिवसांनी हे होतं. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली फुलत जातं, त्यामुळं वरचे दाणे टणक झाले तरी बुडखातले मागं असतात. बियाण्यासाठी ठिपका तळच्या दाण्यांत बघायचा. शेंड्याचा एक दाणा दाताखाली फोडून "झाली की" म्हणणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत.

त्या वेळी दाण्यात ३० टक्क्यांच्या आसपास ओल असते, म्हणजे लगेच मळणी नको. बी ठेवायची कणसं वेगळी मोडून वाळवा. उशीर करूनही फायदा नाही. ठिपका पडला की बियाचं म्हातारपण सुरू होतं, मग ते शेतात उभं असो की पोत्यात. त्यात मार्चची अवकाळी आली की दाणा काळा पडतो, बुरशी धरतो. ते बी वरून पुसून कितीही स्वच्छ केलंत तरी उपयोग नाही.

आता साठवण. आपलं बी फेब्रुवारी-मार्चात घरात येतं आणि पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे मधला सगळा पावसाळा त्याला काढायचा असतो. तुमच्या बियानं तर दोन पावसाळे काढले. कोरडं बी उन्हाळा सोसतं. दमट हवेत पोत्यातली ज्वारी पुन्हा ओल ओढते, ते जास्त वाईट. ठोकताळा असा की ओल एक टक्क्यानं उतरली तर आयुष्य जवळपास दुप्पट होतं. पोत्यात ठेवायचं तर १२ टक्क्यांच्या आत, हवाबंद डब्यात ८ टक्क्यांपर्यंत. ओलसर बी डब्यात कोंडणं म्हणजे ते मारणंच. वाळवताना भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर टाकू नका, सकाळचं आणि उतरतं ऊन पुरे.

पुढच्या वेळी पेरणीच्या महिनाभर आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि दहाव्या दिवशी मोजा. चांगले ७५ मोड आले तर बिनधास्त पेरा, थोडे कमी असतील तर एकरी बी वाढवा. निम्म्याच्या खाली गेलं असेल आणि औषध चोळलेलं नसेल, तर सरळ गिरणीत न्या. भाकरी चांगलीच होते.