हंडा डोक्यावर सहा तास: कळव्याच्या एका आईस उत्तर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपली बारावी वाणिज्य शाखेतील मुलगी महाविद्यालयाच्या महोत्सवात पाण्याने भरलेला हंडा डोक्यावर घेऊन सहा तास निश्चल उभी राहिली, त्यानंतर आठवडाभर तिची मान दुखत होती आणि आता ती सी.ए.चा विचार सोडून ‘परफॉर्मन्स आर्ट’च (म्हणजे कलावंताचा देह आणि कृती हीच कलाकृती असते ती कला) करणार म्हणते, असे आपण लिहिले आहे. ‘याला कला म्हणावे की हट्ट?’ हा आपला प्रश्न रास्त आहे.

ही कला आहे आणि तिला अर्ध्या शतकाहून अधिक इतिहास आहे. मरीना अब्रामोविच 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मिळून सातशेहून अधिक तास खुर्चीवर बसून होत्या आणि समोर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाकडे फक्त पाहत होत्या. आपल्याकडचे निखिल चोप्रा 2019 मध्ये न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सलग नऊ दिवस वेषांतरे करीत, चित्रे काढीत वावरले. मात्र चोप्रा यांचे शिक्षण बडोद्याच्या ललित कला विभागात आणि पुढे अमेरिकेत झाले आहे, हे मुलीने लक्षात घ्यावे.

तिने बारकाईने अभ्यासावे असे मला वाटते ते तैवानी कलावंत तेहचिंग श्ये यांचे काम. 1980 ते 1981 असे वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला त्यांनी कारखान्यात असते तशा हजेरीच्या घड्याळात कार्ड छापले आणि प्रत्येक वेळी चित्रफितीची एक चौकट टिपली. 8,760 पैकी 133 वेळा हजेरी चुकली, बहुतेकदा झोपेमुळे. तीही त्यांनी नोंदवून ठेवली. कार्डांवर साक्षीदाराच्या सह्या आहेत. कष्ट तर पहारेकरीही करतो; या कामाला कलाकृतीपण आले ते आधी ठरवलेल्या अटीमुळे, त्या अटीच्या अर्थामुळे आणि चोख नोंदीमुळे. हेच श्ये 1973 मध्ये तैवानमध्ये कलाकृती म्हणून खिडकीतून उडी मारून दोन्ही घोटे मोडून बसले होते, म्हणजे त्यांनाही कला वेदनेपासून वेगळी काढायला काळ लागला.

आता हंड्याविषयी. मुंबईला पाणी देणारी काही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, या विसंगतीवरून तिला ही कल्पना सुचली, असे आपण लिहिता. कल्पना उत्तम आहे. परंतु पाणी आणणाऱ्या बाया चालतात, मग ही उभी का? सहा तासच का, चार किंवा दहा का नाहीत? दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन. ते मानेवर घेण्याचा सराव तिने किती दिवस केला होता? अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही, पण तिचे पहारे वाटून दिलेले असतात. अखंडता एकाच देहाने सोसावी असा नियम नाही, आणि हंडा हातोहाती फिरता तर कदाचित काम अधिक बोलके झाले असते. (हे माझे मत, तिने खुशाल खोडून काढावे.)

व्यावहारिक बाजू अशी की या कलेची नियमित नोकरी नाही. सादरीकरण भिंतीवर टांगून विकता येत नाही. विकली जातात ती छायाचित्रे, रेखाटने, क्वचित वापरलेल्या वस्तू. उरलेला आधार निवासी शिष्यवृत्त्या, नेपथ्य आणि अध्यापन यांचा. श्ये यांनीही न्यूयॉर्कमध्ये भांडी घासण्याची कामे केली. म्हणून तिने बारावी व्यवस्थित पूर्ण करावी आणि चार वर्षांच्या बीएफएसाठी (ललित कलेतील पदवीसाठी), शक्यतो शिल्पकलेसाठी, तयारी करावी. वजन, तोल आणि पदार्थ यांचे ज्ञान तेथे मिळते. राज्यातील बीएफए प्रवेशासाठी सीईटी असते; सर जे. जे. कला महाविद्यालयाला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्याने तेथील प्रवेशाची सूचना स्वतंत्रपणे पाहावी. रेखाटनाचा पाया कच्चा असेल तर एक वर्ष अधिक गेले तरी चालेल, आणि तिच्या वडिलांना हे वर्ष वाया जाणारे वाटू नये यासाठी बी.कॉम.ला बाहेरून प्रवेश घेऊन ठेवता येईल.

पुढच्या वेळी भेटीस येताना तिने त्या सहा तासांची वही आणावी: दर तासाला काय झाले, कोण थांबले, पाणी कधी सांडले. वही नसेल तर आठवून लिहावी. आणि मान अजून दुखत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे; तोवर हंडा खालीच असू द्यावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक, ठाणे